सैन्य कोणाच्या आज्ञेने?

परक्या रणभूमीवर आपले सैन्य धाडावे की नाही, हा प्रश्न सरकारपुढे सहसा मोहक वेषातच येतो. कधी तो मित्रकर्तव्याचे नाव घेतो, कधी शांतिरक्षणाचे, तर कधी राष्ट्राच्या वाढत्या प्रतिष्ठेचे. २००३ साली तो हे तिन्ही वेष धारण करून दिल्लीत अवतरला होता. त्या वेळी झालेला निर्णय योग्यच होता; परंतु असा निर्णय घेण्याची रीत मात्र अद्यापि पक्की झालेली नाही, म्हणूनच त्या प्रकरणाचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर चढाई केली. एप्रिलमध्ये आपल्या लोकसभेने तिची निंदा करणारा ठराव संमत केला. बगदाद पडले; पण जिंकणे सोपे आणि राखणे कठीण, याचा प्रत्यय येताच अमेरिकेने भारताकडे एका डिव्हिजनची, म्हणजे सुमारे १७ हजार सैनिकांची, मागणी केली. वॉशिंग्टनशी जवळीक वाढेल, इराकच्या पुनर्रचनेत वाटा मिळेल, असे म्हणणारे लोक दिल्लीत थोडे नव्हते. जूनमध्ये अमेरिकी अधिकारी शंकानिरसनासाठी येऊन गेले. अखेर १४ जुलै रोजी वाजपेयी सरकारच्या सुरक्षाविषयक मंत्रिसमितीने, संयुक्त राष्ट्रसंघाचा स्पष्ट आदेश नसल्याचे कारण देऊन, नकार कळविला. १९ ऑगस्ट रोजी बगदादमधील राष्ट्रसंघाच्या कचेरीवरच बाँबहल्ला होऊन सेर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्यासह २२ जण ठार झाले. शांतिरक्षणाच्या गोड शब्दामागे काय दडले होते, ते त्या दिवशी जगाने पाहिले.

इराकची ती भूमी महाराष्ट्राला अपरिचित नाही. एप्रिल १९१६ मध्ये कूट येथे उपाशीपोटी शरण गेलेली फौज 'पुणे डिव्हिजन' या नावाची होती आणि तीत मराठा पलटणी होत्या. त्या जवानांना वा त्यांच्या देशाला कोणी विचारले नव्हते. ते परक्यांचे राज्य होते. पण जुलै १९८७ मध्ये श्रीलंकेत सैन्य उतरले, तेव्हा राज्य आपलेच होते. करारावर सह्या झाल्या आणि लगोलग फौजा रवाना झाल्या; संसदेला आधी कौल मागण्यात आला नाही. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर अकराशेहून अधिक जवान कामी आले होते.

परदेशी सैन्य पाठविण्यापूर्वी संसदेची संमती घेतलीच पाहिजे, असा कायदा आपल्याकडे नाही. तो ब्रिटनमध्येही नाही. तरीही २९ ऑगस्ट २०१३ रोजी सीरियावरील कारवाईचा प्रस्ताव कॉमन्स सभेने २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळताच पंतप्रधान कॅमेरन यांनी तो कौल शिरोधार्य मानला. संकेताचे बळ ते हेच.

नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवचे सरकार वाचविण्यासाठी काही तासांतच विमाने धाडावी लागली. अशा प्रसंगी सभागृहाची वाट पाहणे शक्य नसते, हे आम्हांस मान्य आहे. तेथे सरकारने आधी कृती करावी आणि विनाविलंब संसदेस जाब द्यावा. परंतु जेथे विचाराला आठवडे मिळतात, तेथे गुप्ततेची सबब पुढे करणे उचित नव्हे. २००३ चा नकार ही त्या सरकारची सुबुद्धी होती. मात्र प्रत्येक सरकारला वेळेवर सुबुद्धी सुचेलच, या भरवशावर जवानांचे प्राण टांगून ठेवता येत नाहीत. ज्या सभेपुढे सैन्याच्या खर्चाची मागणी मांडावी लागते, तिच्यापुढेच त्याच्या रक्ताचीही मागणी मांडली गेली पाहिजे.