विश्लेषण : शाळा संपल्यावर फुटबॉल कुठे खेळायचा?

बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडच्या एखाद्या मुलाला फुटबॉलमध्ये पुढे जायचे असेल, तर शालेय स्पर्धांची वाट आहे : तालुका, जिल्हा, अमरावती विभाग, मग राज्य. शाळा-महाविद्यालय सुटले की ही वाट अरुंद होते. पुढे टिकण्यासाठी लागते ती नियमित चालणारी स्थानिक हौशी लीग.

जर्मनीत काय घडले?
जर्मन फुटबॉल महासंघ १९०० मध्ये लाइपझिग येथे स्थापन झाला. पण बुंडेसलिगा ही राष्ट्रीय लीग सुरू व्हायला १९६३ उजाडले. त्याआधी पश्चिम जर्मनीत उत्तर, पश्चिम, दक्षिण, नैऋत्य आणि बर्लिन अशा पाच प्रादेशिक ‘ओबरलिगा’ होत्या. १९५४ चा विश्वचषक जिंकणारा संघ याच प्रादेशिक लीगमधून घडला. आजही तीन राष्ट्रीय स्तरांखाली पाच ‘रेगिओनाललिगा’ आणि त्याखाली थेट जिल्ह्यापर्यंत पायऱ्या आहेत. जिंकणारा वर चढतो, हरणारा खाली येतो. ही रचना निर्दोष नाही : पाचही रेगिओनाललिगा विजेत्यांना थेट बढती मिळत नसल्याची तेथील क्लबांची तक्रार आहे.

महाराष्ट्रात असे कुठे आहे?
कोल्हापुरात. तेथे पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या पेठांतील तालमींचेच फुटबॉल संघ झाले. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग शाहू स्टेडियमवर रंगते आणि पेठच्या पेठ सामन्याला लोटते. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

लीगच का?
गावोगावच्या स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या असतात. आठ संघांच्या अशा स्पर्धेत चार संघ एकच सामना खेळून घरी परततात. तेच आठ संघ साखळीत प्रत्येकी सात, एकूण २८ सामने खेळतात. खेळाडू सरावाने घडतो, एका दुपारच्या चषकाने नव्हे.

काय करायला हवे?
२०१७ मध्ये ‘मिशन वन मिलियन’ उपक्रमात राज्यभर मुलांच्या हाती फुटबॉल दिले गेले. चेंडू देणे सोपे. दर रविवारी सामना, पंच आणि जाण्या-येण्याचे भाडे पुरवणे कठीण. मोताळा, मलकापूर, बुलढाणा अशा शेजारच्या तालुक्यांतील सहा-आठ संघांची हिवाळी लीग हा जिल्ह्याच्या आवाक्यातला आरंभ ठरेल. वरची पायरी कितीही मजबूत असो, खालची नसेल तर रोहिणखेडच्या मुलाने पाय ठेवायचा कुठे?