हाव कसली?



आदिवासींना शहराची हाव सुटली आहे, असा सूर लावणारे पत्र गेल्या अंकात वाचले. पत्रलेखकांनी दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याहून निघणारी एसटी एकदा पाहावी. भाताची झोडणी उरकली की वारली, कातकरी कुटुंबे टोप, चादरी, तांदळाचे गाठोडे आणि पोरे घेऊन भिवंडी-ठाण्याच्या नाक्यावर उतरतात. पावसावरचे एकच पीक. पुढे हाताला काम नाही. रोजगार हमीची मजुरी वेळेवर मिळती, तर बांधकामाशेजारी पत्र्याखाली राहायची हौस कुणाला?

बहुतेक जण पेरणीआधी परततातही. काही मुलांच्या शाळेपायी राहतात, तर तेच म्हणे झोपडपट्टी वाढवतात! मुंबईला पाणी पाजणारी मोडकसागर, भातसा आणि २०१४ मध्ये पूर्ण झालेले मध्य वैतरणा ही धरणे याच डोंगरपट्ट्यात आहेत. उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर मात्र टँकर. आणि गोरेगावच्या आरेतले वारली? ते कुठून आलेच नाहीत, शहरच त्यांच्या अंगणात शिरले.

आपल्या प्रतिनिधीने पहाटे नाक्यावर उभे राहून मजुरी कशी ठरते ते लिहावे. मुकादमाची उचल तिच्यातून कशी वळती होते, तेही.

– एक वाचक, ठाणे