‘बसायला’ चांगली जागा म्हणजे कोणती?

आपल्याकडे दारू पिण्याला कोणी ‘पिणे’ म्हणत नाही. ‘आज बसू या’ म्हणतात. ‘काल कुठे बसला होतात?’ असे विचारतात. दवाखान्यातसुद्धा रुग्ण मला सांगतात, “डॉक्टर, रोज नाही, शनिवारी फक्त बसतो.” आणि लगेच पुढचे वाक्य येते: “पण आपली जागा चांगली असते हां. हायवेवर, एसी, सीलबंद माल. गुत्त्यावर जात नाही आपण.”

या ‘चांगल्या जागे’बद्दल आज बोलायचे आहे. खर्डी, आटगाव, कसारा, शहापूर, मुरबाड या पट्ट्यात बसायच्या जागांना तोटा नाही. ढाबे आहेत, परमिट रूम आहेत, देशीची दुकाने आहेत, पाड्याच्या मागे हातभट्टी आहे. यातली चांगली कोणती? माझे म्हणणे स्पष्ट आहे. आपण जागेचा चांगुलपणा बाटलीवरून ठरवतो आणि तिथेच फसतो.

यकृत लेबल वाचत नाही

आधी हिशोब करू. ३० मिलीच्या एका लहान पेगमध्ये (व्हिस्की, रम काहीही) साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. आपली देशीची बाटलीही तीव्रतेला व्हिस्कीइतकीच, म्हणजे सुमारे ४२.८ टक्के असते. त्यामुळे देशीची क्वार्टर आणि परमिट रूममधली महागडी क्वार्टर यकृताच्या दृष्टीने सारख्याच. किमतीतला फरक खुर्चीचा आणि एसीचा.

“मी फक्त बिअर घेतो” म्हणणाऱ्यांनीही ऐकावे. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत ४० ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे चार लहान पेग. दोन बाटल्या म्हणजे क्वार्टरहून जास्त.

यकृत तासाला साधारण ८ ते १० ग्रॅम अल्कोहोलच मोडू शकते. लिंबू, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री दहाला संपवलेली क्वार्टर पहाटेपर्यंत रक्तात फिरत असते. पहाटे बाइक काढून कामावर निघालेला माणूस “रात्रीची उतरली” म्हणतो, पण १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा तेव्हाही ओलांडलेली असू शकते.

कर्करोगाचेही तसेच. अल्कोहोल हा मानवात कर्करोग घडवणारा पदार्थ आहे, हे आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ सालीच नोंदवले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, या सगळ्यांशी त्याचा संबंध आहे. आरोग्याला अजिबात धोका नसलेले असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. त्यात ब्रँडला सूट नाही.

आणि गंमत पाहा. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. दारू पिण्यासाठी आजही परवाना लागतो, म्हणूनच तर ‘परमिट रूम’ हे नाव पडले. त्या परवान्यावर कारण काय असते? आरोग्य टिकवणे! कागदावर पाहिले तर प्रत्येक परमिट रूम माझ्या दवाखान्याची शाखाच आहे.

सीलबंदच्या बाजूने एकच मुद्दा

तो मुद्दा खरा आहे आणि तो मी मान्य करतो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसे गेली. अशा प्रकरणांत मारेकरी असतो मिथेनॉल, म्हणजे कारखान्यात वापरायचे स्पिरिट. भट्टीवाला नफ्यासाठी ते मिसळतो. शरीरात त्याचे फॉर्मिक ॲसिड होते. आधी नेहमीसारखी चढते, मग बारा-चोवीस तासांनी पोटदुखी, उलटी, दम लागणे आणि डोळ्यांपुढे पांढरे धुके. हे दिसले तर ‘उतरेल’ म्हणत झोपवू नका. १०८ ला फोन करा. वेळेत उपचार झाले तर जीव आणि डोळे वाचू शकतात.

मोहाची ‘पहिल्या धारेची’ औषधी असते, ही समजूतही सोडा. मोहाचे फूल पौष्टिक आहे, भाजून खा, भाकरीत घाला. पण भट्टीतून उतरते ते अल्कोहोलच, आणि पहिल्या धारेची तीव्रता किती हे गाळणाऱ्यालाही ठाऊक नसते.

तेव्हा सीलबंद बाटली मिथेनॉलपासून वाचवते, एवढेच. यकृत सुजण्यापासून आणि घर मोडण्यापासून ती वाचवत नाही.

मग जागेने काहीच फरक पडत नाही का?

पडतो, आणि खूप पडतो. फक्त तो ग्लासाबाहेरच्या गोष्टींनी पडतो.

बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेला इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल याने १९४६ मध्ये आपल्या आवडत्या पबवर एक लेख लिहिला. त्याने चांगल्या पबच्या दहा अटी सांगितल्या. त्यात प्रत्यक्ष बिअरबद्दलची अट जेमतेम एक. बाकीच्या अटी म्हणजे बोललेले ऐकू येईल इतकी शांतता, नावानिशी ओळखणारी माणसे, जेवणाची सोय, मुलाबाळांना घेऊन बसता येईल अशी बाग. शेवटी तो सांगतो की असा पब प्रत्यक्षात नाहीच. पिणाऱ्या माणसालाही हवी होती ती सोबत आणि निवांतपणा.

आता आपल्याकडची जागा पाहा. माणूस साइटवरून किंवा कसारा लोकलने थकून उतरतो. दुपारी बाराला खाल्लेला डबा. देशीच्या दुकानात उभ्या-उभ्या, दोन घोटांत ग्लास रिकामा. रिकाम्या पोटी दारू झपाट्याने रक्तात जाते आणि यकृताचे साखर तयार करण्याचे काम थांबवते. उपाशी, दिवसभर राबलेल्या माणसाची रक्तातली साखर धोक्याइतकी खाली येते. तो बरळतो, घामाघूम होतो, निपचित पडतो. घरचे म्हणतात, “चढली आहे, झोपू दे.” तो दारूने झोपला आहे की साखर उतरून बेशुद्ध झाला आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. हलवून, हाक मारून जागा होत नसेल तर कुशीवर वळवा, तोंडात काही ओतू नका आणि दवाखान्यात आणा.

उरला प्रश्न घरी जाण्याच्या वाटेचा. एका बाजूला मुंबई-नाशिक महामार्ग, दुसऱ्या बाजूला रेल्वेचे रूळ. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला, पुढे लहान गावांसाठी ते अंतर २२० मीटर केले. म्हणजे जागा माणूस मारू शकते, हे न्यायालयालाही दिसले होते. पण पिऊन अंधारात रस्ता ओलांडणाऱ्याला २२० मीटर किती दूर असणार?

म्हणून माझी कसोटी सोपी आहे. पाच प्रश्न विचारा:

१. इथे आधी जेवण मिळते का? चकणा म्हणजे जेवण नव्हे. खारे शेंगदाणे तहान वाढवतात, बाटली खपवतात.
२. मागितल्याशिवाय पिण्याचे पाणी समोर येते का?
३. डुलणाऱ्या गिऱ्हाइकाला मालक ‘आता पुरे’ म्हणतो का?
४. घरी जाताना वाहन चालवावे, महामार्ग किंवा रूळ ओलांडावा लागतो का?
५. दारू काढून टाकली तर इथे कोणी बसेल का?

पाचवा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. ज्या जागेला याचे उत्तर ‘नाही’ येते, ती बसायची जागाच नव्हे. ते फक्त दारू भरायचे पंप आहेत.

उपदेश पुरे, बाकडे द्या

‘दारू पिऊ नका’ असे फलक लावून आपण हात झटकतो. २००८ च्या नियमाने बायकांना मतदानातून दुकान बंद करण्याचा हक्क मिळाला. निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडली की परवाना जातो. हा हक्क मोलाचा आहे आणि जिथे बायका पुढे येतील तिथे गावाने त्यांच्या पाठीशी उभे राहावे. पण दुकान बंद झाल्यावर संध्याकाळी सातला पुरुषाने जायचे कुठे, याचे उत्तर गावाकडे नसेल तर हातभट्टीवाला ते उत्तर घेऊन तयारच असतो.

तानसा आणि भातसाचे पाणी मुंबईला जाते. उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते, पण बाटलीची गाडी कधी चुकत नाही. मग ग्रामपंचायतीकडे काय मागायचे? पारावर दिवा, चार बाकडी, पिण्याच्या पाण्याचा माठ, रात्री दहापर्यंत उघडे वाचनालय, कॅरम, भजनाला पेटी. शेवटच्या लोकलपर्यंत गरम भजी-चहा देणारी टपरी. यातले काहीच महाग नाही. थकल्या माणसाला आधी पोटात काही आणि शेजारी कोणी मिळाले, तर निदान काहींचा तरी पहिला ग्लास टळेल.

एक सूचना मात्र नक्की पाळा. जो माणूस वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याने हे वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, भास, फिट येऊ शकतात आणि त्यातून जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे घेऊन दारू सुटते आणि चांगली सुटते. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि टेलिमानस १४४१६ या दोन्ही मोफत आहेत. दवाखान्यात आलात तर मी आधी उपदेश करणार नाही, आधी रक्तदाब आणि साखर तपासीन.

पुढच्या वेळी कोणी म्हणाले ‘चल, बसू या’, तर जरूर बसा. फक्त विचारा: कुठे, आणि जेवलास का?