उशिरा फुलणारा स्पंज

दोन वर्षांपूर्वी मावशीच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. अ‍ॅन्युरिझम. तो फुटायच्या आत डॉक्टरांनी जांघेतून कॅथेटर घालून त्यात प्लॅटिनमच्या बारीक कॉइल भरल्या. फिल्म बघून मी आगाऊपणे विचारलं, "पूर्ण भरला का?" ते म्हणाले, "अहो, कॉइल जेमतेम पाव ते एक तृतीयांश जागा व्यापते. बाकीचं काम रक्ताची गुठळी करते."

तेव्हापासून शेप मेमरी पॉलिमर फोम हा माझा वीकेंडचा नाद झालाय. हा पॉलियुरेथेनचा स्पंज. गरम करून दाबायचा, तसाच धरून थंड करायचा, की बारीक काडीसारखा राहतो. शरीरात ३७ अंशांची ऊब आणि रक्तातलं पाणी मिळून त्याला सैल करतात आणि तो मूळ आकाराला फुलतो. मग त्याच्या भोकाभोकांत रक्त गोठतं. असा फोम लावलेला एक प्लग २०१८ साली अमेरिकेच्या एफडीएने मेंदू-हृदयाबाहेरच्या रक्तवाहिन्या बंद करायला मान्य केला.

याबद्दल लिहिणारे 'आठवण ठेवणारं स्मार्ट मटेरियल' म्हणून नाचतात. मला नाही पटत. आठवण वगैरे काही नाही हो! घडवताना साखळ्यांत पडलेल्या गाठी दाबल्या गेल्यात आणि थंडीने जखडल्यात, एवढंच. खरी करामत आहे ती वेळेआधी *न* फुलण्यात.

कॅथेटरही आतून ओलाच असतो. फोम आत शिरल्या क्षणापासून भिजायला लागतो. वाटेतच फुलला तर नळीत अडकणार, आणि डॉक्टरच्या हातात उरणार नुसता वैताग. म्हणून टेक्सास ए अँड एम विद्यापीठात डंकन मेटलँड यांच्या गटाने रसायनं बदलून फोमला पाण्याचा जरा तिटकारा शिकवला. म्हणजे मुद्दाम हळू केला! आम्ही शुक्रवारी सोडलेलं रिलीज शनिवारी मागे घेतो. फुललेला फोम काही नळीत परत जात नाही. त्यामुळे असं उपकरण दाखवलं, तर किती फुलतं हे मी नंतर विचारेन. आधी विचारेन, किती मिनिटं गप्प बसतं?

(शिवाय नुसतं पॉलिमर एक्स-रेत दिसत नाही. धातूची खूण लावावी लागते. असो.)

मावशीला हे सगळं सांगितलं. म्हणाली, "म्हणजे माझी तार जुनी झाली का रे?"

म्हटलं, "नाही गं. छान बसलीये, बसू दे."