पाटी ओळखणे आणि पाटी वाचणे

मराठी विभागाचे शेवटचे पान आले की आमची बहुतेक मंडळी हा अंक मिटून ठेवतात. कन्नड विभागाचे वाचकही बहुधा तेच करीत असावेत. विचारावे, तर उत्तर ठरलेले : "बोलायला येतं हो, पण वाचायला काही जमत नाही." मीही हेच म्हणत असे. मात्र गाडीची पाटी तेवढी आपल्याला वाचता येते, असा माझा समज होता. एकदा बैलहोंगलच्या स्टँडवर ओळखीची पाटी पाहून चढलो. कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा कळले की गाडी बेळगावची नसून बेळवडीची आहे, आणि तोवर ती गावाबाहेर पडली होती. कन्नडमध्ये ह्या दोन्ही नावांची पहिली दोन अक्षरे एकच. मी शब्द वाचलाच नव्हता, त्याचे चित्र ओळखले होते.

पुष्कळ शहाण्यांचीही अशीच समजूत होती. ओळखीचा छोटा शब्द ओळखायला एका सुट्या अक्षराहून फारसा अधिक वेळ लागत नाही, असे जेम्स कॅटेल ह्यांनी 1886 च्या सुमारास लाइपझिगला दाखविले. त्यावरून लोकांनी अनुमान काढले की आपण शब्दाचा आकारच पाहतो, अक्षरे पाहत नाही. पुढे 1969 साली रायकर ह्यांना आढळले की क्षणभर दाखविलेले अक्षर सुटे असण्यापेक्षा शब्दात असताना अधिक अचूक ओळखता येते. म्हणजे अक्षरांना फाटा मिळत नाही. डोळा ती सगळी एकदम टिपतो, आणि परिचित शब्द उलट त्यांनाच आधार देतो.

शब्दातली मधली अक्षरे कशीही फिरवा, वाचायला काही अडत नाही, असा एक संदेश केंब्रिजच्या नावावर 2003 पासून फिरत आहे. आमच्या वर्गात त्याचा उपयोग शुद्धलेखनाची टिंगल करण्यासाठी होतो. रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली इंग्रजी वाक्यांवर हे तपासले. नेहमीचा वेग मिनिटाला 255 शब्द होता. मधली अक्षरे फिरविताच तो 227 वर आला, आणि सुरुवातीची फिरविली तेव्हा 163 वर. अर्थ लागतो खरा, पण फुकट लागत नाही.

आता 'जमत नाही' ह्या सबबीकडे वळू. पॅरिसचे डॉक्टर देजरीन ह्यांनी 1892 साली एका सुशिक्षित रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. मेंदूच्या डाव्या बाजूस मागे इजा झालेला हा गृहस्थ नीट बोले, लिहीही. पण स्वतः लिहिलेले त्याला वाचता येत नसे! वाचनाला मेंदूत जागा आहे ती अशी. लिपी कोणतीही असो, जागा साधारण तीच. 2010 साली देहान ह्यांच्या गटाने ब्राझील व पोर्तुगालमधील लोकांचे मेंदू तपासले, तेव्हा प्रौढपणी अक्षरे शिकलेल्यांतही ती जागा लिखित शब्दांना निरक्षरांपेक्षा जास्त प्रतिसाद देताना दिसली. तेव्हा लिपी ही काही रक्तातून येत नाही, आणि विशीत ती शिकायला उशीर झाला असेही नाही. डोळ्यांखालून पाने मात्र जावी लागतात.

काहींना ह्यात सीमाप्रश्न दिसेल. त्या प्रश्नावर कोणाची बाजू काहीही असो, गाडीची पाटी त्यासाठी थांबत नाही. आणि समोरच्याची लिपी वाचता आली म्हणून आपली पुसली जाते, असे मला तरी वाटत नाही.

संपादक मंडळास विनंती : पुढील अंकात कन्नड विभागातील एक कविता देवनागरीत आणि आपली एक कन्नड लिपीत, मूळ पानासमोर छापावी. एका पानाचाच खर्च आहे. मी स्वतः सिनेमाच्या पोस्टरांपासून सुरुवात केली आहे. साधी अक्षरे आता पळतात. जोडाक्षरातले दुसरे अक्षर पहिल्याच्या पायाशी जाऊन बसते, तेथे मात्र अजून अडखळायला होते.