पंगत कोणाची, चूल कोणाची?



परदेश सहलींच्या बाजारात एक प्रकार चांगलाच रुजला आहे. पूर्वी सहलीसोबत माहिती सांगणारा गाइड असे. आता त्याच्या जोडीला टीव्हीवर गाजलेला शेफ असतो. तो प्रवाशांना बाजार दाखवतो, पदार्थांच्या गोष्टी सांगतो आणि रात्री मोठ्या हॉटेलात त्यांच्यासाठी खास जेवण करतो. रशियाच्या शहरांची अशी शाही सहल म्हणजे सेंट पीटर्सबर्गचा राजवाडा, रात्री बॅले नृत्य, जेवणात माशाची काळी अंडी म्हणजे कॅव्हियार, मग रेल्वेने मॉस्को आणि हौस असेल तर व्होल्गा नदीवर बोटीचा प्रवास. बॅग उचलायला माणूस हजर, रांगेत उभे राहणे नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि युरोप-अमेरिकेतील कंपन्यांच्या अशा बहुतेक सहली बंद पडल्या. भारतीयांची वाट मात्र बंद झाली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रशियाने भारतीयांसाठी ई-व्हिसाही सुरू केला. पण अशा सहलीचे एका माणसाचे तिकीट कामगाराच्या वर्षाच्या पगारात बसणार नाही. मग आपण त्याची चर्चा कशाला करायची? एवढ्याचसाठी, की जेवणाच्या गोष्टीत नेहमी खाणाऱ्याचेच नाव येते. आज आपण त्याच शहरांतून फेरी मारू, पण प्रत्येक ताटासमोर दोन प्रश्न विचारू. हे रांधले कोणी? आणि या पंगतीला बसायची मुभा कोणाला होती?

पहिला मुक्काम सेंट पीटर्सबर्ग. झार पहिला पीटर याने १७०३ साली दलदलीच्या जागी हे शहर वसवायला घेतले. त्यासाठी हजारो शेतकरी आणि सैनिक वेठीला धरले गेले. थंडीने, रोगराईने किती माणसे गेली याची नीट मोजदादही नाही. त्या काळी रशियात भूदास पद्धत होती. भूदास म्हणजे जमिनीला जखडलेला शेतकरी. मालक त्याला विकू शके, गहाण टाकू शके, जुगारात हरू शके. अठराव्या शतकाच्या अखेरीस मॉस्को आणि पीटर्सबर्गच्या वर्तमानपत्रांत घोडागाडीच्या जाहिरातीशेजारी माणसांच्या जाहिराती येत. चांगला स्वयंपाकी विकणे आहे, शिवणकाम येणारी मुलगी विकणे आहे. ज्या हाताची चव सरदाराला हवी होती, त्या हाताचा मालक तो स्वयंपाकी नव्हता.

मोठ्या हॉटेलात एक पदार्थ संपला की दुसरा आणून वाढतात, हे आपण सिनेमात तरी पाहिले आहे. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात रशियाकडून फ्रान्सला गेली आणि तिथून जगभर पसरली. तिला रशियन वाढप असेच म्हणतात. त्याआधी फ्रान्समध्ये सगळे पदार्थ एकदमच मेजावर मांडीत. एकामागून एक गरम पदार्थ आणून द्यायचे तर प्रत्येक खुर्चीमागे माणूस हवा. रशियन सरदारांना ते सहज परवडे, कारण खुर्चीमागे उभा राहणारा माणूस त्यांच्या मालकीचा होता. पुढे १८६१ साली भूदासांची मुक्तता झाली. पण वाट्याला आलेल्या जमिनीचे मोल त्यांना हप्त्याहप्त्याने भरावे लागले आणि ते ओझे १९०७ साली उतरले. कागदावरची मुक्ती आणि पोटाची मुक्ती यांत चाळीसहून अधिक वर्षांचे अंतर पडले.

याच शहराला पुढे लेनिनग्राड म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धात ८ सप्टेंबर १९४१ पासून २७ जानेवारी १९४४ पर्यंत, म्हणजे ८७२ दिवस, हिटलरच्या फौजांनी त्याला वेढा घातला होता. २० नोव्हेंबर १९४१ पासून महिनाभराहून अधिक काळ कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव मिळे. बायका-मुले, म्हातारी माणसे, कार्यालयांतील नोकर यांना फक्त १२५ ग्रॅम. त्यातही निम्मे पीठ आणि बाकीची भर. आपल्या घरातल्या तराजूत १२५ ग्रॅम पाव तोलून पाहा आणि तो लेकराला दिवसभरासाठी द्यायचा आहे असे समजा. आईच्या हाताला कंप सुटेल. पिस्कारिओव्ह दफनभूमीत या वेढ्यातील सुमारे पाच लाख माणसे पुरलेली आहेत.

त्याच शहरात निकोलाय व्हाव्हिलोव्ह या शास्त्रज्ञाची वनस्पती संशोधन संस्था होती. जगभर फिरून गोळा केलेली धान्याची, डाळींची, कंदांची लाखावर वाणे तिथे जपून ठेवली होती. वेढ्यात तेथील कर्मचारी भुकेने एकेक करून मेले. भाताच्या वाणांची राखण करणारे दिमित्री इवानोव्ह तांदळाच्या पुड्यांमध्ये उपाशी मेले. त्यांनी पुढच्या पिढ्यांच्या बियाण्यातला दाणा तोंडात टाकला नाही. आणि स्वतः व्हाव्हिलोव्ह? त्यांना स्टालिनच्या राजवटीने १९४० साली अटक केली. माणसांची भूक मिटावी म्हणून आयुष्य वेचलेला हा शास्त्रज्ञ १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात कुपोषणाने गेला. शाही सहलीत सोन्याची ताटे दाखवतात. त्याआधी या संस्थेच्या दारात दोन मिनिटे उभे राहायला हवे.

आणखी एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. १२५ ग्रॅमची आठवण जपणाऱ्या याच देशाच्या सैन्याने २०२२ साली युक्रेनच्या मारिउपोल शहराला वेढा घातला. तिथली माणसे तळघरांत अन्नपाण्यावाचून तडफडली. शेफ ज्या बीटच्या लाल सारासाठी, म्हणजे बोर्श्टसाठी, टाळ्या घेतो, तो युक्रेनी घरांत पिढ्यान्‌पिढ्या शिजत आला. तेथील बोर्श्ट शिजवण्याची परंपरा युद्धामुळे धोक्यात आली, म्हणून युनेस्कोने २०२२ साली ती तातडीने जपायच्या वारशांच्या यादीत घेतली. ताटातल्या पदार्थाचे गाव कोणते, हेही विचारायला हवे ते यासाठी.

पीटर्सबर्ग सोडण्यापूर्वी आपल्या जवळची एक जागा पाहू. या शहरात एक बुद्ध विहार आहे. रशियातील बुर्यात आणि काल्मिक लोक परंपरेने बौद्ध. बुर्यात भिक्खू अग्वान दोर्जिएव्ह यांच्या पुढाकाराने १९०९ ते १९१५ या काळात ते बांधले गेले. सोव्हिएत राजवटीत ते बंद पडले आणि १९९० साली बौद्धांना परत मिळाले. आपल्या मराठीत बुद्धचरित्र लिहिणारे धर्मानंद कोसंबी १९२९ साली याच शहरात पाली शिकवायला गेले होते. गोव्यातल्या खेड्यातून विद्येसाठी घर सोडलेला माणूस तिथवर पोचला, तो पाहुणा म्हणून नव्हे, गुरुजी म्हणून.

आता रेल्वेने मॉस्कोकडे निघू. वाटेत त्वेर हे शहर लागते. इथला अफानासी निकितिन नावाचा व्यापारी पंधराव्या शतकात आपल्या चौलच्या बंदरात उतरला, जुन्नर आणि बिदरकडे फिरला. वास्को द गामा यायच्या किती तरी आधीची ही गोष्ट. त्याने प्रवासाचे टिपण लिहिले. त्यात त्याला काय नवलाचे वाटले? या देशात चौऱ्याऐंशी पंथ आहेत आणि एका पंथाचा माणूस दुसऱ्याबरोबर खात नाही, पीत नाही, सोयरीक करीत नाही, असे त्याने नोंदवून ठेवले. वाचकहो, परमुलखातल्या माणसाला आपल्या देशाची पहिली खूण दिसली ती पंगतीतल्या भिंतीची. पाचशेहून अधिक वर्षे झाली. ती भिंत किती पडली आणि किती उभी आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मॉस्कोत शेफची आवडती गोष्ट म्हणजे ऑलिव्हिए सॅलड. १८६० च्या सुमारास तिथल्या हर्मिटाज नावाच्या उंची हॉटेलात लुसिएन ऑलिव्हिए या शेफने ते केले. त्यात शिकारीच्या पक्ष्यांचे मांस आणि असेच महागडे जिन्नस असत. कृती त्याने गुपित ठेवली आणि १८८३ साली तो वारला. पुढे क्रांती झाली, सरदार गेले, हॉटेल गेले. कामगारांच्या बायकांनी मात्र तो पदार्थ आपल्या परवडीत बसवला. पक्ष्याच्या जागी सॉसेज, बाकी उकडलेला बटाटा, गाजर, अंडे, खारवलेली काकडी, डब्यातले वाटाणे आणि मेयोनेज. आज नववर्षाच्या रात्री रशियात घरोघरी तेच सॅलड असते. आपल्याकडच्या हॉटेलांत रशियन सॅलड म्हणून मिळते ते त्याचेच भावंड. शेफचे गुपित त्याच्याबरोबर गेले. जगले ते गरिबाच्या चुलीवरचे.

सोव्हिएत सरकारने चुलीचाच प्रश्न सोडवायचा विडा उचलला होता. इवानोवो-वोझ्नेसेन्स्क या कापड गिरण्यांच्या शहरात १९२५ साली पहिले कारखाना-स्वयंपाकघर निघाले. हजारोंचे जेवण एकत्र शिजवायचे, म्हणजे गिरणीत राबणाऱ्या बाईची चुलीतून सुटका होईल, असा तो विचार. विचार मोठा होता. पण प्रत्यक्षात बाईला गिरणीही करावी लागली, रांगेतही उभे राहावे लागले आणि घरी आल्यावर चूलही सुटली नाही. गिरणगावातल्या आमच्या भगिनींना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. त्या प्रयोगातून उरली ती स्तलोवाया, म्हणजे साधी खानावळ. हातात ट्रे घ्यायचा, हवे ते उचलायचे, पैसे द्यायचे आणि रिकाम्या जागी कोणाही शेजारी बसायचे. आपली मुले शिकायला रशियात जातात, त्यांना ती परवडते. मात्र त्यांनी एक ध्यानात ठेवावे. व्हिसा आणि मास्टरकार्ड या कंपन्यांनी मार्च २०२२ मध्ये रशियातले काम थांबवले. भारतातून नेलेल्या त्यांच्या कार्डावर तिथे विसंबून राहू नये.

याच मॉस्कोत १९६१ साली वाटेगावचा एक माणूस पोचला होता. शाळेची पायरी जेमतेम चढलेला, गिरणीत राबलेला, चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून लिहिणारा. आपले अण्णाभाऊ साठे. परत येऊन त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. त्यांना न्यायला शेफ नव्हता. त्यांच्या लेखणीने त्यांना नेले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परकीय साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसवला गेला.

अण्णाभाऊ ज्यांना मानीत, त्या मॅक्झिम गॉर्कीच्या गावी शेवटचा मुक्काम करू. व्होल्गाकाठच्या निझ्नी नोव्हगोरोदला १८६८ साली त्याचा जन्म झाला. पोरका पोर. बाराएक वर्षांचा असताना व्होल्गावरच्या आगबोटीत भांडी घासायला लागला. त्या बोटीवर स्मुरी नावाचा आचारी होता. धिप्पाड, तापट, पूर्वी फौजेत काढलेला. त्याच्यापाशी पुस्तकांची पेटी होती. काम आटोपले की तो पोराला बसवून मोठ्याने वाचायला लावी. गॉर्कीने पुढे त्याला आपला गुरू म्हटले. नंतर कझानला विद्यापीठात शिकायच्या आशेने गेलेल्या गॉर्कीला वर्ग मिळाला नाही, बेकरीचे तळघर मिळाले. तिथे पीठ मळता मळता त्याने जी माणसे पाहिली, ती त्याच्या कथांत आली. कझानच्या ज्या घरात अशी एक बेकरी होती, तिथे आज त्याचे संग्रहालय आहे.

आता विचार करा. सरदारांच्या घरी रांधणाऱ्या हजारो भूदास आचाऱ्यांपैकी किती नावे आपल्याला ठाऊक आहेत? जवळजवळ एकही नाही. स्मुरीचे नाव मात्र दीडशे वर्षांनी मराठीत छापले जात आहे. त्याने राजासाठी पक्वान्न केले म्हणून नव्हे. त्याच्या हाताखाली भांडी घासणाऱ्या पोराला त्याने वाचायला लावले आणि त्या पोराने त्याचे नाव लिहून ठेवले, म्हणून.

आपल्या घरातही अशी माणसे आहेत. दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक केलेली आजी, लग्नाच्या मांडवात वाढप्याचे काम करणारा मामा, कॅन्टीनमध्ये ताटे धुणारा बाप. त्यांनी काय रांधले, कोणाला वाढले, स्वतः कुठे बसून जेवले, हे कोणी विचारलेले नसते. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींनो, येत्या रविवारी वही घ्या आणि त्यांच्यापाशी बसा. त्यांचे नाव, गाव आणि हातची कृती त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. तिकिटाला पैसे लागतात. या कामाला पेन पुरते.