फुकट्या कोण? जयंतीचा टी-शर्ट, सात महिन्यांचं सिमकार्ड आणि पूतनेचं दूध

गेल्या वर्षीच्या जयंतीत आमच्या हातून एक चूक झाली. ती आधी कबूल करतो, मग दुसऱ्यांवर बोट ठेवतो.

मार्च संपत आला होता. परतवाड्यातल्या आमच्या अभ्यासिकेत दोन माणसं आली. इस्त्रीचे शर्ट, हातात टॅब, दारातूनच 'जय भीम'. एका स्पर्धा परीक्षा क्लासची माणसं होती. म्हणाली, रॅलीसाठी टी-शर्ट देतो, पाण्याचे पाऊच देतो, चौकातलं बॅनर छापून देतो, सगळं फ्री. बॅनरच्या कोपऱ्यात आणि टी-शर्टच्या पाठीवर फक्त आमचं नाव राहील. आणि हो, टी-शर्ट घेणाऱ्या प्रत्येकाचं नाव, शिक्षण आणि मोबाईल नंबर या वहीत लिहून घ्या. आमच्यातल्या एकानं विचारलं, "कावून देता जी एवढं फुकट?" उत्तर तयारच होतं, "बाबासाहेबांसाठी एवढंही करू नये का आम्ही?"

झालं. बाबासाहेबांचं नाव घेतल्यावर पुढं कोण बोलणार? पोट्टे खूश. वर्गणीसाठी दारोदार फिरायचं वाचलं. चौदा एप्रिलला रॅली निघाली तेव्हा समोरून पाहणाऱ्याला छातीवरचे बाबासाहेब दिसत होते आणि मागून पाहणाऱ्याला क्लासचं नाव. त्या दिवशी आम्हाला ते खटकलं नाही, हे लिहिताना आज लाज वाटते.

पंधरा दिवसांत वहीतले नंबर वाजू लागले. 'फ्री डेमो लेक्चर', मग 'फ्री स्कॉलरशिप टेस्ट'. टेस्टला बसलेला एकही नापास झाला नाही. कोणाला 40 टक्के स्कॉलरशिप, कोणाला 50. मुळात फी किती होती आणि ती कोणी ठरवली, हे कुणी विचारलं नाही. उरलेली फी हप्त्यानं भरायची, तीही 'झिरो टक्के व्याजानं'. आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलानं मोबाईलवर ओटीपी सांगितला आणि त्याच्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज उभं राहिलं. त्याची आई संत्र्याच्या तोडीला आणि कापूस वेचायला जाते. डेमोला अमरावतीहून आलेले सर पुन्हा दिसले नाहीत, क्लास दोन महिन्यांत रेंगाळला, मुलानं जाणं सोडलं. क्लास सुटला, हप्ता सुटला नाही. कारण पैसे क्लासला केव्हाच पोचले होते, आता देणं होतं कंपनीचं.

त्याचा नंबर त्या वहीत आम्ही लिहिला होता. आमच्याच अक्षरात.

आता याच गावात आमच्या मुलांना दुसऱ्या बाजूनं काय ऐकावं लागतं ते पाहा. "तुमचं काय बा, तुम्हाले सगळं फुकट मिळते." शिष्यवृत्ती फुकट, वसतिगृह फुकट, स्वाधारचे पैसे फुकट. कॉलेजात ऐकतो, बँकेच्या रांगेत ऐकतो, चहाच्या टपरीवर ऐकतो. म्हणजे सरकारनं मुलाच्या फीचे पैसे दिले की तो फुकट्या. आणि कंपनीनं सिमकार्ड वाटलं, मॉलनं दोनावर एक शर्ट दिला, क्लासनं टी-शर्ट वाटले की ती हुशार 'मार्केटिंग स्ट्रॅटेजी'! एकाच शब्दाचे दोन भाव का, हा आमचा प्रश्न आहे.

हिशेबच मांडू या. ज्या शिष्यवृत्तीवरून टोमणे मारले जातात ती कुणाच्या मेहेरबानीतून आलेली नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. 1942 मध्ये त्यांनी लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं, शिक्षणासाठी केंद्राच्या तिजोरीतून तरतूद मागितली, भांडून मिळवली. 1944 पासून चालत आलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्या भांडणाचं फळ आहे. आणि तिजोरी कुणाची? दीड जीबीचा 28 दिवसांचा रिचार्ज जुलै 2024 पासून 299 रुपयांचा झाला. त्यात 18 टक्के जीएसटी धरलेला आहे, म्हणजे सुमारे 45 रुपये. वर्षात असे 13 रिचार्ज. संत्रा तोडणाऱ्या बाईच्या मुलानं नुसत्या रिचार्जमधून वर्षाला पाचशे-सहाशे रुपये कर भरला. साबण, चप्पल, मोबाईल यांचा वेगळा. या माणसाला फुकट्या म्हणायचं?

रिचार्जचा विषय निघालाच आहे तर फुकटाचा सर्वांत मोठा खेळही आठवू या, कारण आपण सगळेच त्यात होतो. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं. 31 डिसेंबरपर्यंत सगळं मोफत, मग 'हॅपी न्यू इयर' म्हणून 31 मार्च 2017 पर्यंत मोफत. जवळपास सात महिने. लोकांनी आधार कार्डाच्या झेरॉक्स घेऊन सिमसाठी रांगा लावल्या. 170 दिवसांत 10 कोटी ग्राहक झाले. पहिल्याच दिवसांत पानभर जाहिरातीवर पंतप्रधानांचा फोटो होता. परवानगी दिलेली नव्हती, असं सरकारनं नंतर संसदेत सांगितलं. एअरटेलनं स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. आयोगानं जून 2017 मध्ये ती फेटाळली: नव्यानं बाजारात उतरलेल्या कंपनीचं वर्चस्व आहे असं म्हणता येत नाही. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेलही. पण ज्याच्या मागे तेलाच्या धंद्याची तिजोरी आहे त्याला नवखा म्हणायचं, हे आम्हाला पटायला जड जातं.

पुढं काय झालं? आरकॉमनं मोबाईल सेवा गुंडाळली. एअरसेल 2018 मध्ये दिवाळखोरीत गेली. टेलिनॉर एअरटेलमध्ये विरघळली. व्होडाफोन आणि आयडियाला एकमेकांचा हात धरावा लागला. सरकारी बीएसएनएलला 4जीसाठी 2019 च्या ऑक्टोबरपर्यंत थांबवून ठेवलं. मैदान मोकळं झाल्यावर डिसेंबर 2019 मध्ये दर वाढले, 2021 मध्ये वाढले, 2024 मध्ये वाढले. तीन खासगी कंपन्या उरल्या आणि तिघींचे दर पाठोपाठ वाढतात. फुकटाचे सात महिने आपण कधीच फेडले, अजूनही फेडतोय.

इथं आमच्यातलेच काही मित्र म्हणतील, त्या फुकट नेटमुळेच तर भीमगीतं घराघरात मोबाईलवर पोचली, आपले यूट्यूब चॅनेल उभे राहिले, हा लेखसुद्धा त्याच नेटवर वाचला जातोय. खरं आहे. मेळघाटातला कोरकू पोरगा बाजाराला परतवाड्यात आला की इथल्या रेंजमध्ये उभा राहून व्हिडिओ उतरवून घ्यायचा, हे आम्ही पाहिलंय. त्याचा आनंद खोटा नव्हता. म्हणूनच सांगतो, फुकटाला भुलणारा माणूस मूर्ख नसतो. त्याची गरज खरी असते, आणि धंदेवाल्याला ती गरज नेमकी ठाऊक असते. इंग्रजी राजवटीत चहा खपवणाऱ्यांनी हेच केलं. 1903 पासून चहावर उपकर बसवून प्रचाराचा पैसा उभा केला आणि पुढं स्टेशनांवर, जत्रांत, गिरण्यांत चहा फुकट पाजला. सवय लागली, मग पैसे. आज चहाशिवाय आपली सभा सुरू होत नाही.

पण फुकटाला नकार देता येतो, याचाही दाखला आहे. फेसबुकनं 'फ्री बेसिक्स' आणलं होतं. गरिबांना मोफत इंटरनेट, पण कोणत्या साइट उघडतील ते फेसबुक ठरवणार. देशभरच्या तरुणांनी विरोध केला आणि 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायनं अशा भेदभावाच्या दरांवर बंदी घातली. फुकटाचं गेट कोणाच्या हातात आहे, हे तेव्हा लोकांनी ओळखलं.

आपल्याला हे ओळखायला फेसबुकची गरज नव्हती. बाबासाहेबांनी ते 1945 मध्येच लिहून ठेवलंय. 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात हरिजन सेवक संघाच्या दानधर्माची त्यांनी चिरफाड केली आहे. दयेनं मारण्याचा बेत, असा त्यांचा आरोप. त्यासाठी त्यांनी भागवतातली पूतनेची कथा घेतली. कंसानं पाठवलेली पूतना बाळकृष्णाला मारायला तलवार घेऊन येत नाही, दूध पाजायला येते. विष दुधात. ज्यांची कथा त्यांनाच ऐकवणं ही बाबासाहेबांची खास रीत. आणि त्यांचा राग शिष्यवृत्त्या-दवाखान्यांवर नव्हता. नोव्हेंबर 1932 मध्ये ठक्करबाप्पांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी संघाला काम सुचवलं होतं: नागरी हक्कांसाठी झगडा, विहिरी-शाळा खुल्या करा, रोजगाराची समान संधी मिळवून द्या. संघानं ते धरलं नाही. पुढं कारभारात अस्पृश्यांना जागाही उरली नाही आणि विचारल्यावर सांगण्यात आलं की हे सवर्णांचं प्रायश्चित्त आहे, घेणाऱ्यांनी कारभार कशाला पाहायचा?

देणारा हिशेब दाखवत नाही आणि घेणाऱ्याला विचारू देत नाही. त्या क्लासवाल्यानं 'एवढंही करू नये का' म्हणून आमचं तोंड बंद केलं तेव्हा आम्हाला पूतना आठवायला हवी होती. आम्ही ग्रंथाला हार घातला होता, उघडला नव्हता.

परतवाड्याहून अमरावतीला जाताना वलगाव लागतं. तिथं पेढी नदीजवळ 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबा गेले, बाबासाहेबांच्या मागोमाग चौदा दिवसांनी. हा माणूस गावात शिरला की आधी खराट्यानं गाव झाडायचा आणि मग भाकरी मागायचा. फुकटची भाकरी त्यानं खाल्ली नाही. देताना मात्र पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, आणि त्या देण्यात मोबाईल नंबर मागितला नव्हता!

कायद्याबद्दलही दोन शब्द, कारण आपली पोरं कायद्याला भीत नाहीत पण वाचतही नाहीत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, वस्तूची किंमत दुसऱ्या आकारात धरून ती फुकट असल्याचा आभास निर्माण करणं, ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत 'मोफत'च्या जाहिरातींसाठी वेगळे नियम आहेत. 'झिरो टक्के व्याज' असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्ये बँकांना सुनावलं आहे. व्याज प्रोसेसिंग फीत किंवा वस्तूच्या किमतीत लपवलेलं असतं. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. आमच्या त्या मुलाची तक्रार आम्ही लिहून दिली आहे. अजून निकाल लागलेला नाही. हप्त्याच्या वसुलीचे फोन सुरूच आहेत, आता ते आमच्यापैकी कोणीतरी उचलतो.

यंदा मार्चमध्ये पुन्हा माणसं आली. वेगळा क्लास, वेगळा टॅब, तोच 'जय भीम'. यावेळी टी-शर्टसोबत डीजेचा अर्धा खर्च. बैठकीत दोन तास भांडण झालं. "फुकट येऊन रायलं तं घेऊन घ्या, नंबर खोटे लिहू," असंही एकानं सुचवलं, आणि खोटं कशाला बोलू म्हणता म्हणता त्यावर आम्ही बराच वेळ घालवला. शेवटी हात वर करून मतदान झालं. आम्ही तीन मतांनी जिंकलो. दोन चांगले कार्यकर्ते रुसून गेले, ते अजून आलेले नाहीत. त्यांच्या घरी जायचं आहे.

डीजे नव्हता. टी-शर्ट नव्हते, ज्याचा त्याचा पांढरा शर्ट. घरटी वीस रुपये वर्गणी काढली, काहींनी पाच दिले, त्यांची पावती पाचाचीच फाडली. बॅनर मागच्या वर्षीपेक्षा लहान झालं. त्याच्या कोपऱ्यात कुणाचंच नाव नाही. जमाखर्चाचा कागद अभ्यासिकेच्या दारावर चिकटवला आहे, शिल्लक 340 रुपये. त्यात त्या ग्रंथाची आणखी एक प्रत येते का, ते विचारायला सांगितलं आहे.